पाच भरले होते

३१ मे २०२४ ला आई निवृत्त झाली. शुक्रवार होता. मी पुण्याहून सुट्टी टाकून साताऱ्याला गेले होते. तिच्या ऑफिसच्या हॉलमध्ये पुढे चार खुर्च्या मांडल्या होत्या, कारण त्या दिवशी चौघांना निरोप होता. चार शाली, चार श्रीफळं, चार पुष्पगुच्छ. साहेब भाषणात म्हणाले, "या चौघांचाही जन्म एकाच तारखेचा, १ जूनचा. काय योगायोग बघा!" हॉल हसला. तो योगायोग नाही हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं.

तुमच्याही घरात एखादा १ जूनवाला असेल. शाळा जूनमध्ये सुरू व्हायच्या. आईबाप पोराला घेऊन आले आणि त्यांना जन्मतारीख सांगता आली नाही, की गुरुजी १ जून लिहायचे आणि साल असं टाकायचे की पोर सहा वर्षांचं भरेल. पुढे नियम असा, की १ तारखेला जन्मलेला सरकारी कर्मचारी आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. म्हणून आपल्याकडच्या सरकारी कचेऱ्यांत दरवर्षी ३१ मेला शाली कमी पडतात.

आईची कागदावरची तारीख १ जून १९६६. मोठा भाऊ शाळेत जातो म्हणून तीही रडून त्याच्यामागे गेली आणि गुरुजींनी तिला बसवून घेतलं.

रात्री शालीची घडी घालताना ती म्हणाली, "खरं तर माझं अजून वर्षाच्या वर राहिलं होतं."

"कशावरून?"

"आजी सांगते ना. भूकंपात मी पाच महिन्यांची होते."

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले होते, पण ते गोष्टीतलं वाक्य म्हणून. त्यातून काही काढता येईल असं कधी डोक्यात आलं नव्हतं. त्या रात्री आलं.

भूकंप म्हणजे कोयनेचा. आजीचं गाव पाटण तालुक्यातलं. ११ डिसेंबर १९६७, सोमवार, पहाटे चार वाजून एकवीस मिनिटं. कोयनानगर आणि आसपासची गावं जमीनदोस्त झाली, पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. ही तारीख पक्की आहे. शास्त्रज्ञांनी मिनिटापर्यंत नोंदवलेली आहे. मग आईच्या जन्मतारखेसाठी एवढंच करायचं होतं, की त्या तारखेतून पाच महिने वजा करायचे.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. लॅपटॉप उघडला आणि एक ओळ लिहिली. वर्ष १९६७, महिना १२, दिवस ११, उणे ५ महिने. एंटर. उत्तर आलं, ११ जुलै १९६७. म्हणजे आईला अठ्ठावन्न वर्षं २०२५ च्या जुलैत पूर्ण होणार होती. निवृत्ती ३१ जुलै २०२५ ला. फरक चौदा महिन्यांचा.

खरं सांगते, मी आधी त्या चौदा महिन्यांचे पैसे केले. चौदा पगार, त्यातून फ्लॅटच्या कर्जाचं किती फिटलं असतं, वगैरे. आईला आकडा सांगितला तेव्हा ती म्हणाली, "पैशाचं जाऊ दे गं. गुरुजींनी अंदाजानं लिहिलं आणि मी अंदाजानं म्हातारी झाले, एवढंच वाटतं."

तिने प्रयत्न केला नव्हता असं नाही. सेवापुस्तकातली जन्मतारीख बदलायची तर नोकरीला लागल्यापासून पाच वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. तिने त्या मुदतीत गावी जाऊन शोधाशोध केली. जन्माची नोंद सापडली नाही. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा, आई त्याच्या आधीची. मग आजीला विचारलं, "माझी तारीख काय?" आजी म्हणाली, "तारीख मला कुठं ठावं? धरणीकंपात तू पाच म्हैन्यांची व्हतीस." हे वाक्य कुठल्या अर्जाला जोडणार? आई चिडून परत आली आणि पुन्हा तिने तो विषय काढला नाही.

माझ्या स्वतःच्या जन्मदाखल्यावर तारीख आहे, आणि हॉस्पिटलच्या कागदावर वेळ, मिनिटासकट. एका पिढीत एवढं अंतर पडलं. मी ठरवलं, सरकार नाही तर नाही, घरात तरी आईला तिची तारीख द्यायची.

*

११ जुलैला गुरुवार होता. मी घरून काम घेतलं आणि आदल्या रात्रीच साताऱ्याला पोचले. बिनअंड्याचा केक आणला. आई लाजली, पण खूश होती. अठ्ठावन्नाव्या वर्षात पहिल्यांदा तिचा वाढदिवस जूनऐवजी जुलैत होत होता. आजी आता आमच्याकडेच असते. ती टीव्हीसमोर बसली होती. टीव्हीवर वारी चालू होती.

"कशाचा गं केक?"

"आईचा वाढदिवस आहे आजी. खरा."

आजीने टीव्हीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आज कसा? माउली अजून वाटंतच हाय की."

मी जरा वैतागलेच. "अगं, तूच सांगतेस ना, भूकंपात पाच महिन्यांची होती? त्यावरूनच काढली तारीख."

"मग? पाचच व्हते."

"पाच महिने आधी म्हणजे ११ जुलै."

"असंल," आजी म्हणाली. "पर आज न्हाई."

केक कापला. आजीने खाल्लाही. पण मला ते "आज न्हाई" खुपत राहिलं. ती पन्नासेक वर्षं एकच वाक्य न बदलता सांगत आली होती. त्याच वाक्यातून निघालेलं उत्तर तिला मान्य नव्हतं. अशा वेळी चूक बहुधा वजाबाकी करणाऱ्याची असते. हे मला ठाऊक असायला हवं होतं, कारण मी ही चूक आधी एकदा केली होती, आणि तीही एका ३१ मेलाच.

*

२०२३ सालची गोष्ट. मी कर्जाच्या अर्जांची छाननी करणाऱ्या एका सिस्टिमवर काम करत होते. नियम साधा होता. अर्जदाराच्या खात्यात मागच्या तीन महिन्यांत तीन पगार जमा झालेले दिसले पाहिजेत. "मागचे तीन महिने" हे काढणारं फंक्शन मी लिहिलं होतं, जावास्क्रिप्टमध्ये. आजच्या तारखेतून तीन महिने वजा. सगळ्या टेस्ट पास. कित्येक आठवडे ते नीट चाललं.

मग ३१ मे उजाडला. ३१ मेमधून तीन महिने वजा केले की येतो ३१ फेब्रुवारी. असा दिवसच नाही. आता काय करायचं हे प्रत्येक भाषेनं आपापलं ठरवलेलं आहे. जावा मागे सरकून २८ फेब्रुवारी देते. जावास्क्रिप्ट पुढे मोजत जातं, की अठ्ठावीसनंतर एकोणतीस म्हणजे १ मार्च, तीस म्हणजे २ मार्च, एकतीस म्हणजे ३ मार्च. दोघींपैकी कुणीही तक्रार करत नाही. लाल अक्षरात एरर येत नाही. तारीख मिळते, दिसायला अगदी खरी.

आमची खिडकी त्या दिवशी ३ मार्चपासून उघडली. ज्यांचा फेब्रुवारीचा पगार २८ तारखेला जमा झाला होता, त्यांचा तो पगार खिडकीबाहेर राहिला. मेचा पगार अजून यायचा होता. मार्चचा आणि एप्रिलचा, दोनच दिसले. अर्ज नामंजूर, आपोआप, सकाळपासून एकामागून एक.

दुपारी कुणाच्या तरी लक्षात आलं. दुरुस्ती अर्ध्या तासात झाली, ते अर्ज पुन्हा तपासलेही गेले. पण त्यातल्या एकाने सपोर्टला लिहिलेला मेसेज मी वाचला होता. "माझा पगार नियमित आहे. कृपया नीट मोजा." ते "नीट मोजा" अजून आठवतं.

तेव्हापासून मला एक गोष्ट माहीत आहे. दिवस हे माप आहे, आठवडा हे माप आहे, पण महिना हे माप नाही. तो कधी अठ्ठावीस, कधी एकतीस. ३१ मेमधून तीन महिने वजा करून २८ फेब्रुवारीला या आणि त्यात परत तीन मिळवा, तुम्ही २८ मेला पोचता. गेलात त्याच वाटेनं परत आलात तरी तीन दिवस हरवतात. म्हणून कुणी "इतके महिने आधी" म्हणालं की पहिला प्रश्न हा विचारायचा, की म्हणणाऱ्याचा महिना कुठला?

हा प्रश्न मी आजीला विचारलाच नव्हता. तिच्या वाक्यातली संख्या मी घेतली, आणि महिना मात्र माझा वापरला.

*

रात्री जेवणं झाल्यावर आजीजवळ बसले. "आजी, पाच भरले होते की पाचवा लागला होता?"

हा प्रश्न मला सुचला याचा मला अजून अभिमान आहे. आमच्या कामात हे नेहमीचं दुखणं आहे, एकने चुकणं. मोजणी शून्यापासून की एकापासून? पण मराठीत त्यासाठी तयार शब्द आहेत. भरणं आणि लागणं. बायका पोटातल्या बाळाचे महिने याच दोन शब्दांत मोजत आल्या आहेत.

आजी लगेच म्हणाली, "भरले व्हते. त्याच दिशी भरले."

"त्याच दिवशी? इतकं नक्की?"

"मग! उष्टावण व्हतं की तिचं."

आणि मग तिने सांगितलं. मुलीचं उष्टावण विषम महिन्यात करतात, पाचव्यात नाहीतर सातव्यात. मुलाचं सम महिन्यात. आईचा पाचवा महिना संपत आला तरी काही ना काही राहत होतं. भात झोडायचा होता, सासूबाई आजारी होत्या. शेवटी आजीने ठरवलं, पाच भरतील त्या दिवशी करायचंच, कारण एकदा सहावा लागला की मग सातव्यापर्यंत थांबावं लागतं. खिरीसाठी आदल्या संध्याकाळी शेजारून दूध मागून आणून तापवून ठेवलं. पहाटे उठायचं म्हणून तिला नीट झोप नव्हती.

"चांद बुडाला व्हता. मिट्ट अंधार. आन् खालनं कुणीतरी घर उचलून आपटल्यावानी झालं. म्या पोरीला घेतलं आन् भायेर आले. मागं भिंत पडली. दूध, चूल, समदं मातीत."

उष्टावण सातव्या महिन्यात झालं, पत्र्याच्या शेडमध्ये.

आई स्वयंपाकघरातून हात पुसत येऊन दारात उभी राहिली होती. "हे तू मला कधीच सांगितलं नाहीस."

"तू तारीख इचारलीस," आजी म्हणाली. "तारीख मला येत न्हाई."

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग मी विचारलं, "आणि आई जन्मली त्या दिवशी घरात काय होतं? काय शिजलं होतं?"

"त्या दिशी न्हाई ध्यानात. दुसऱ्या दिशीचं हाय. समद्यांचा उपास आन् मी एकटीच जेवलेली. बाळंतीण ना. मामंजी वारीला गेले व्हते. ते पंढरपुरात शिरले आसतील त्या दिशी ही झाली."

आषाढी एकादशीच्या आदला दिवस. आषाढ शुद्ध दशमी.

आजी बोटांवर मोजायला लागली. मी तिच्याबरोबर मोजलं. आषाढ दशमी ते श्रावण दशमी एक. भाद्रपद दोन. अश्विन तीन. कार्तिक चार. मार्गशीर्ष पाच. एक हात संपला.

*

त्या रात्री मी लॅपटॉप पुन्हा उघडला. चांद्र महिना सरासरी २९.५३ दिवसांचा. पाच महिन्यांचे एकशे अठ्ठेचाळीसच्या जवळपास दिवस. ११ डिसेंबर १९६७ मधून ते वजा केले, १६ जुलै आली. सरसकट तीस दिवसांचा महिना धरला असता तर १४ जुलै आली असती. माझ्या एका ओळीनं दिली होती ११ जुलै. एकाच वाक्यातून तीन तारखा, आणि तिन्हींचं गणित बरोबर.

मग १९६७ च्या अमावस्या-पौर्णिमा शोधल्या. भूकंपाची पहाट मार्गशीर्ष शुद्ध नवमी-दशमीची निघाली. या तिथीचा चंद्र मध्यरात्रीनंतर दोनेक तासांत मावळतो. चार एकवीसला मिट्ट काळोखच असणार.

मी इतके दिवस धरून चालले होते की "पाच महिने" हा ढोबळ आकडा आहे. खेड्यातल्या, शाळा न शिकलेल्या बाईचा अंदाज. साडेचार ते साडेपाचमधलं काहीतरी. तो अंदाज नव्हता. तो दिवसापर्यंत अचूक होता, फक्त तिच्या मापात. अंदाज गुरुजींनी केला होता, आणि तो शिक्क्यासकट नोंदला गेला.

कॉम्प्युटरसुद्धा आजीसारखाच मोजतो, हे मला तेव्हा जाणवलं. बहुतेक सिस्टिम्स १ जानेवारी १९७० हा शून्य धरतात आणि तिथून सेकंद मोजतात. त्याआधीचं सगळं उणे. १६ जुलै १९६७ त्या शून्याच्या बरोबर ९०० दिवस आधी येते, म्हणजे उणे ७,७७,६०,००० सेकंद. आजीचा शून्य ११ डिसेंबर १९६७ हा आहे. लग्न धरणीकंपाच्या आधी दोन वर्षं, मामा दीड वर्ष, आई पाच महिने. पत्र्याची शेड नंतर, नवं घर नंतर, आजोबा गेले ते खूप नंतर. तिची सगळी मोजणी त्या पहाटेपासून पुढे किंवा मागे जाते.

आणखी एक गोष्ट त्या रात्री सापडली. २०२४ मध्ये आषाढी एकादशी १७ जुलैला होती. म्हणजे दशमी १६ जुलैला. आईची तिथी आणि मी काढलेली तारीख यंदा एकाच दिवशी येत होती. मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय, पण त्याला कारण आहे. एकोणीस सौर वर्षं आणि दोनशे पस्तीस चांद्र महिने यांची लांबी जवळजवळ सारखी भरते. त्यामुळे दर एकोणीस वर्षांनी तिथी आणि तारीख पुन्हा भेटतात, फार तर एखादा दिवस इकडेतिकडे. आई सत्तावन्न वर्षांची होत होती. एकोणीस त्रिक सत्तावन्न.

१६ जुलैला मंगळवार होता. मी पुण्याला परत गेलेच नाही. आजीने खीर करायला लावली, तांदळाची. आईला पाटावर बसवलं आणि सत्तावन्न वर्षांच्या मुलीला पहिला चमचा स्वतः भरवला. आई हसत होती, मग हसताहसता तोंड फिरवून आत गेली.

*

सरकारदरबारी काही बदललेलं नाही, बदलणारही नाही. नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला देताना आईने जन्मतारखेच्या रकान्यात १ जून १९६६ लिहिलं, न अडखळता. "ती पेन्शनची तारीख," ती म्हणाली. चौदा पगार गेले ते गेले. गावची जन्माची नोंद मिळाली नसती तरी त्या पाच वर्षांत कुणी आजीला वेगळा प्रश्न विचारला असता, तर निदान आईला स्वतःला माहीत असतं. मीही त्यात आले. मी विचारायला आणखी वर्षं लावली.

फोनमध्ये आईचा वाढदिवस टाकायला गेले तर तो तिथी घेत नाही. मग मी दरवर्षीची वेगळी नोंद केली. २०२५ ला ५ जुलै. २०२६ ला अधिक ज्येष्ठ आहे, म्हणून एकदम २४ जुलै. तारीख आणि तिथी पुन्हा भेटतील २०४३ च्या जुलैत. तेव्हा आई शहात्तर वर्षांची असेल. तीही नोंद करून ठेवली आहे.

आईची डब्याची पिशवी मात्र निवृत्तीनंतरही दाराजवळच्या खुंटीवर तशीच होती. मी दोनतीनदा म्हटलं, "काढ ना आता." ती नुसतं "राहू दे" म्हणायची.

३१ जुलै २०२५ ला, गुरुवारी, मी ऑफिसात असताना तिचा फोन आला. मी मीटिंगमधून बाहेर आले. वाटलं आजीला काही झालं.

"काही नाही गं," ती म्हणाली. "पिशवी धुऊन वाळत घातली. आज रिटायर झाले."